‘सेन्सॉरनी पास करेल पिच्चर शे!’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

अमळनेरकडच्या एका ताईंचं हे पत्र. एकत्र कुटुंब, घरचं कृषी केंद्र, थोडी शेती. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा माहेरी आल्या आणि घर भरलं. मोठे दीर, ज्यांना सगळं घर ‘आबा’ म्हणतं, त्यांनी पोरासोरांना दोन गाड्यांत भरून जळगावला पिक्चरला नेलं. ताई घरी, खापरावरच्या पुरणपोळ्यांत. पिक्चरवर ‘यूए १६+’ होतं. ताईंचा मुलगा नऊ वर्षांचा. कापाकापी सुरू झाल्यावर तो ‘बाहेर चला’ म्हणून रडायला लागला. आबा म्हणाले, “बठ गुपचूप, मर्द शे का नही तू?” मध्यंतरानंतर पोरगा डोळ्यांवर हात ठेवून बसून राहिला. त्याला आता पंधरा दिवस झाले. तो रात्री दिवा घालवू देत नाही, परसात एकटा जात नाही, कुकरची शिट्टी झाली तरी दचकतो. ताईंनी थिएटरला फोन केला. उत्तर मिळालं, “मॅडम, यूए आहे, मोठी माणसं सोबत होती, आम्ही कसं अडवणार?” आबांचं म्हणणं, “सेन्सॉरनी पास करेल पिच्चर शे!” नवरा गप्प. त्यातच सोळा वर्षांच्या मुलीला मोबाइलवर एक ‘ए’ची वेब सिरीज बघायची आहे, कारण कॉलेजात सगळ्या तिच्याबद्दलच बोलतात. जावेचा मुलगा पंधरा वर्षांचा, तो काहीही बघतो आणि त्याला कोणी विचारत नाही. ताई लिहितात, “फायबर (घरचं इंटरनेट) काढून टाकावं, दोघांचं शिक्षण होईपर्यंत पिक्चर बंद करावा, असं माझ्या मनात आहे. हे आकडे असून उपयोग काय? आणि चूक नेमकी कोणाची?”

ताई,

आधी मुलाबद्दल बोलू. कायदा-बियदा दोन दिवस थांबेल, रात्र रोज येते.

पडद्यावरचं खोटं असतं, हे नऊ वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. तुमच्यालाही असणार. तेव्हा “खोटं असतं रे ते” हे वाक्य दिवसातून दहादा ऐकवण्यात अर्थ नाही. त्याने फार तर त्याला असं वाटेल की आपल्याला भीती वाटते हीच चूक आहे. त्याला नेमकं काय दिसतं ते विचारा आणि मधे न बोलता ऐका. सांगायला जमत नसेल तर कागद-पेन्सिल द्या. दिवा राहू द्या महिनाभर, विजेचं बिल काही फार वाढत नाही. परसात सोबत जा आणि जाताना सुस्कारा टाकू नका. घरातली बाकीची पोरं ‘भित्रा भित्रा’ करत असतील तर ते मात्र आजच्या आज बंद करा, प्रेमाने नाही तर डोळे वटारून. आणखी दोन-तीन आठवड्यांतही ओसरलं नाही, जेवण तुटलं, अंथरूण ओलं व्हायला लागलं, शाळा सुरू झाल्यावर शाळेत जाईना, तर तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मनाच्या तक्रारींसाठी ‘टेलिमानस’ची सरकारी फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

एक मात्र तुमच्या पत्रात मला फार टोचलं. तुम्ही सगळा राग कापाकापीवर काढला आहे. मला वाटतं, पोराला तेवढीच गोष्ट लागलेली नाही. त्याने ‘बाहेर चला’ म्हटलं आणि आपल्याच माणसाने त्याला बसवून ठेवलं. अंधारात, मोठ्या आवाजात, मधल्या खुर्चीवर. हे थिएटरच्या पाटीवरच्या कुठल्याच आकड्यात बसत नाही.

आता आकड्यांकडे येते. आबांचं ‘पास करेल शे’ हे वाक्य खान्देशात मी लहानपणापासून ऐकते. सेन्सॉर म्हणजे शाळेतले मास्तर आणि पिक्चर म्हणजे परीक्षेला बसलेलं पोरगं, असं आपल्या डोक्यात पक्कं आहे. पास झालं म्हणजे चांगलं, नापास झालं म्हणजे वाईट. खरं तर त्या संस्थेच्या नावातून ‘सेन्सॉर’ हा शब्द १९८३ सालीच गेला. तेव्हापासून ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ आहे. आपण जुनंच नाव चालवतो, कारण ‘प्रमाणन’ हा शब्द जिभेला काही केल्या बसत नाही. पण नाव बदललं त्यात अर्थ होता. पिक्चर चांगला की वाईट, हे मंडळ सांगत नाही. तो कोणासमोर लावायला चालेल, एवढंच सांगतं.

कायदा १९५२ चा, चित्रपट अधिनियम. कित्येक वर्षं त्यात दोनच खुणा होत्या, सगळ्यांसाठी ‘यू’ आणि मोठ्यांसाठी ‘ए’. १९८३ मध्ये दोन वाढल्या. डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा ठरावीक वर्गासाठीचा ‘एस’, तो आपल्या वाट्याला कधी येत नाही. आणि ‘यूए’. यूएचा अर्थ असा होता की पिक्चर सगळ्यांना खुला, मात्र बारा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत आईबापांनी विचार करावा. चाळीस वर्षं हे एकच पोतं होतं आणि त्यात गोड गाण्यांचा कौटुंबिक पिक्चरही जायचा आणि हात तोडणाराही जायचा. अखेर २०२३ च्या दुरुस्तीने त्या पोत्याचे तीन भाग केले, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. नवे नियम २०२४ मध्ये आले. म्हणजे तुमच्या घरातल्या मोठ्यांना ‘यूए’ म्हणजे सगळ्यांचा पिक्चर वाटला, यात त्यांचा अगदीच दोष नाही. त्यांनी आयुष्यभर जे यूए पाहिलं त्याला शेपटीला आकडा नव्हता.

थिएटरवाल्याने फोनवर सांगितलं ते मात्र कायद्याने बरोबर आहे, ताई. दुरुस्तीतच लिहिलंय की हा आकडा आईवडिलांनी किंवा पालकांनी विचार करावा म्हणून आहे, आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी तो अमलात आणायचा नाही. दारावरचा पोरगा तुमच्या मुलाला अडवू शकत नव्हता. ‘ए’चं वेगळं. तिथे अठरा पूर्ण नसलेल्याला आत सोडणं हाच थिएटरचा गुन्हा ठरतो, सोबत आई असो, आबा असोत की आमदार असोत. यूएच्या आकड्याचं तसं नाही. ती चिठ्ठी घरच्या मोठ्यांच्या नावाने लिहिलेली आहे. त्या दुपारी घरचं मोठं माणूस होते आबा. चिठ्ठी त्यांच्या हातात होती, त्यांनी उघडली नाही. पण खरं सांगा, तुम्ही तरी उघडली होती का? गाड्या निघताना “कोणता पिक्चर?” एवढं तरी घरात कोणी विचारलं? तुम्हाला दोष द्यायला हे विचारत नाही. पुरणाच्या वासात आणि अकरा जणांच्या गलक्यात मीही विचारलं नसतं. ‘चूक कोणाची’ हा प्रश्न घेऊन बसलात तर शेवटी तो फिरून तुमच्याच पदरात येईल, कारण आपल्याकडे पोरांच्या बाबतीत तो नेहमी आईच्याच पदरात येतो. म्हणून तो बाजूला ठेवा असं म्हणते.

आकड्याबद्दल आणखी एक, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो वरून ठरून आलेला नसतो. मंडळाचं मुख्यालय मुंबईत, विभागीय कार्यालयं नऊ. तपासणी समितीची थोडी माणसं पिक्चर बघतात आणि प्रमाणपत्र सुचवतात. निर्मात्याला ‘ए’ नको असतो. ‘ए’ लागला की कुटुंबं येत नाहीत, कॉलेजची निम्मी पोरं दाराबाहेर, आणि टीव्हीवर तो तसाच्या तसा दाखवता येत नाही, त्यासाठी काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मग इथला वार आखूड करा, तिथली शिवी गाळा, असं करत काही पिक्चर ‘ए’च्या उंबरठ्यावरून ‘यूए १६+’ मध्ये येऊन बसतात. पटलं नाही तर पुनरीक्षण समिती, आणि त्यापुढे आता थेट उच्च न्यायालय, कारण मधलं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. आपल्या घरापुरतं यातून एवढंच घ्यायचं की १६+ म्हणजे ‘सोळाच्या आसपास ठीक’ असं समजू नये. पुष्कळदा तो ‘ए’चा धाकटा भाऊ असतो, नुकताच केस कापून आलेला. नऊ वर्षांच्या पोरासाठी ‘१६+’ ऐकलं की माझा हात आपोआप दाराच्या कडीकडे जातो.

पण म्हणून आकडा म्हणजे ब्रह्मवाक्यही नाही. मुलं काही वयाच्या साच्यातून पाडलेली नसतात. एखादी सात वर्षांची पोरगी राक्षस-बिक्षस बघून खिदळते आणि कुत्रं मेलेलं दाखवलं की आठवडाभर जेवत नाही. ज्या घरात नुकतंच कोणी अपघातात गेलंय, त्या घरातल्या मुलाला ‘यू’ पिक्चरमधली साधी अँब्युलन्सही नको होते. हे मंडळाला कुठून कळणार? ते तुम्हालाच कळतं. आकडा सरासरी पोराचा असतो आणि तुमच्या घरात सरासरी पोरगं राहत नाही.

तुमच्या फायबर काढण्याच्या बेताकडे वळते. मनात असेल तर काढा. पण आधी तुमच्याच बैठकीच्या खोलीत एक संध्याकाळ नुसती बसून बघा. सात-साडेसातला सासूबाईंची मालिका. सून दुधात काहीतरी कालवते, सासू जिन्यावरून पडते, कोणीतरी कोणाच्या कानाखाली काढतं आणि ती चपराक तीन वेळा, तीन बाजूंनी दाखवतात. मालिकांना पिक्चरसारखं आधी प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही. केबल टीव्हीचा १९९५ चा कायदा आहे, त्याखाली कार्यक्रम संहिता आहे, आणि वाहिन्यांनी २०११ मध्ये स्वतःच नेमलेली एक तक्रार परिषद आहे. तिच्या हिशेबाने मोठ्यांसाठीचं काही दाखवायचं तर रात्री ११ ते पहाटे ५ मध्ये दाखवावं. बाकी दिवसभराचं सगळं सगळ्यांसाठी. त्या दुधात कालवलेल्या विषाला आकडा नाही. तुमचा मुलगा ते रोज आजीच्या मांडीवर डोकं ठेवून बघतो, आणि फायबर गेलं तरी डिशवर ते येतच राहणार.

आणि मग आपली खान्देशी कॉमेडी. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, कारण मला ती आवडते. मालेगाव, धुळे, जळगावकडची पोरं एका मोबाइलवर आणि दोन दिवसांत व्हिडिओ बनवतात, आपल्या बोलीत, आपल्याच गल्लीत, आणि लाखो लोक बघतात. याचं मला कौतुकच आहे. पण बारकाईने पाहा, त्यातला निम्मा विनोद बायकोला बडवण्याचा, काळ्या पोरीचा, ठेंगण्या माणसाचा आणि दारू पिऊन पडण्याचा असतो. यूट्यूबवर टाकायला प्रमाणपत्र लागत नाही. बोली आपली, म्हणून सगळं घर मिळून हसतं आणि कोणाला वाटतच नाही की इथेही काही बघायचं-न-बघायचं असतं. तीच गत मोबाइलवरच्या खेळांची. आपल्याकडे खेळांना सरकारी वयोश्रेणी अशी नाहीच. मोबाइलच्या प्ले स्टोअरमधून खेळ उतरवताना ३+, ७+, १२+, १६+, १८+ असा बारीक आकडा दिसतो तो आंतरराष्ट्रीय पद्धतीचा, आणि खेळ बनवणाऱ्यानेच भरलेल्या प्रश्नावलीवरून निघालेला. तो बघा तरी, नावाच्या खालीच असतो.

म्हणजे फायबर काढलं तरी तुमच्या घरात दाखवायचं बरंच काही शिल्लक राहतं. आणि पोरगी मैत्रिणीकडे जाईल, पोरगा चुलतभावाच्या मोबाइलला चिकटेल. तेव्हा तिथे काय चाललंय ते तुम्हाला कळणारही नाही. सध्या तो रात्री उठून तुमच्याकडे येतो, तुम्हाला सांगतो. बंदी घालून हे तुमच्या हातून जाईल, मला याचीच धास्ती वाटते.

आमच्या लहानपणी, म्हणजे शहाद्याकडे, यात्रेत तंबू टॉकीज यायची. जमिनीवर बसायचं, मागे बायका, पुढे पोरं, मधे कनाती. एका वर्षी भुताचा पिक्चर लागला. मी सहा-सात वर्षांची असेन. मला काही सोसेना आणि मी भोकाड पसरलं. माझ्या मामाने पिक्चरचा शेवट सोडून मला खांद्यावर टाकलं, बाहेर आणलं आणि गोडीशेव घेऊन दिली. नंतर कितीतरी वर्षं तो सगळ्यांना सांगायचा, “हिना पायी मना पिच्चर अर्धा राहीग्या.” सांगायचा हसत हसत. त्या भुताचं तोंड मला आठवत नाही, मामाच्या सदऱ्याचा वास आठवतो. त्या तंबूवरही कुठली खूण लावलेली असेल, नसेल. आम्हाला कोण वाचून दाखवणार होतं?

तर तुमच्या घरी नियम करायचाच असेल, तर मी एकच करेन: ज्याला उठायचंय त्याने उठावं, आणि सोबतच्या मोठ्याने त्याच्याबरोबर बाहेर यावं. चिडवायचं नाही, तिकिटाचे पैसे काढायचे नाहीत. त्यासाठी लहान मूल बरोबर असेल तर खुर्ची कडेची घ्यायची. ही इतकी साधी गोष्ट आहे की कोणी करत नाही. तिकीट काढताना मोबाइलवर वेळ आणि खुर्च्या जिथे दिसतात, तिथेच भाषेच्या शेजारी प्रमाणपत्रही दिसतं. तेवढं एकदा मोठ्याने वाचायची सवय घरात लागली तरी पुष्कळ झालं.

पण हे आबांना कोण सांगणार, तुमची खरी अडचण ही आहे, नाही का? ‘मी बोलले तर घर डोक्यावर घेतील’ हे वाक्य तुम्ही पत्रात खोडलंय, तरी मला वाचता आलं.

काही घरांमध्ये अजून मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नाही. तुमच्याकडे असेल तर उत्तम, नसेल तर नणंदेला मधे घ्या. तिचीही पोरं त्या गाडीत होती आणि बहिणीचं भाऊ ऐकतो. नवऱ्याला मात्र यातून सुटका देऊ नका. तो गप्प बसला म्हणजे तो बाजूला झाला असं नाही, पोरगं त्याचंही आहे. बोलताना कायद्याचं कलम काढू नका. ‘थिएटरवाले म्हणाले जबाबदारी तुमची होती’ हे तर चुकूनही बोलू नका, त्यात आबांचा अपमान होईल आणि ते पुढच्या वेळी मुद्दाम नेतील. फक्त घडतंय ते सांगा: “आबा, पोऱ्या रातले दचकीसन उठस, दिवा बंद करू देत नही.” आणि तिथेच थांबा. त्यांनी आखाजीच्या दिवशी अकरा पोरांवर पैसा आणि अख्खा दिवस खर्च केला. असा माणूस पोरांचा दुष्मन नसतो. ‘मर्द शे का’ हे त्यांना त्यांच्या बापाने विचारलं असेल, बापाला त्याच्या बापाने. ते एका बैठकीत सुटणार नाही. पण रात्री कुकरसारख्या वस्तूला घाबरणारा पुतण्या डोळ्यांपुढे आला की माणूस जरा हलतो. जमलं तर पुढच्या पिक्चरचं बुकिंग आणि आकडा बघायचं काम त्यांच्याकडेच द्या. घरातल्या कर्त्याला नियम पाळायला सांगण्यापेक्षा तो त्याच्या ताब्यात दिलेला बरा, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल.

मुलीचा प्रश्न निराळा आहे आणि तो मुलाच्या प्रश्नात कालवू नका. ती सोळाची आहे आणि तुम्हाला विचारते आहे, ही केवढी मोठी गोष्ट! पंधराचा चुलतभाऊ कोणालाच विचारत नाही.

वेब सिरीजचे आकडे मंडळ देत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे ते ओटीटीवाले, म्हणजे इंटरनेटवरून पिक्चर-सिरीज दाखवणाऱ्या कंपन्या, स्वतःच देतात. श्रेण्या पाच, यू, ७+, १३+, १६+ आणि ए. स्वतःच मार्क द्यायचे म्हटल्यावर कोणी सढळ असतं कोणी कडक, हे ओघाने आलंच. पण याच नियमांत एक उपयोगी सोय आहे. सुरुवातीलाच आकड्याबरोबर कारण लिहावं लागतं: हिंसा, शिव्या, लैंगिक दृश्यं, नशा, आत्महत्या, भीतीदायक वगैरे. मला विचाराल तर आकड्यापेक्षा ही ओळ कामाची. दोन ‘ए’ सारखे नसतात. एक नुसत्या शिव्यांमुळे ‘ए’ असतो, दुसरा अशा दृश्यांमुळे की जी मला साठीतही बघवत नाहीत. तसंच, १३+ आणि त्यावरच्या सगळ्याला कुलूप लावायची सोय देणं ओटीटीवाल्यांना बंधनकारक आहे, आणि ‘ए’साठी वयाची खात्री करणंही. प्रत्यक्षात काय होतं? आपल्याकडे अख्ख्या घरात एकच खातं, बहुतेक आबांच्या रिचार्जबरोबर आलेलं, आणि त्यात एकच नाव. नऊ वर्षांचा आणि साठ वर्षांच्या आजी एकाच नावाने बघतात. कुलूप आहे, पण किल्ली दारातच टांगलेली. मुलांसाठी वेगळी प्रोफाइल करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा आणि तो पिन घराच्या गाडीचा नंबर ठेवू नका. दहा मिनिटांचं काम आहे. तुम्हाला जमलं नाही तर मुलीलाच करायला सांगा, हसू नका, धाकट्या भावासाठी ती मनापासून करेल. एखाद्या सिरीजचा आकडा सरळसरळ चुकीचा वाटला तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिता येतं आणि त्याने १५ दिवसांत निकाल द्यायचा असतो.

तिला ती सिरीज बघू द्यावी का? माझं मत, अठरा होईपर्यंत ‘ए’ नको. पण ‘नको’ म्हणायच्या आधी तुम्ही पहिला भाग स्वतः बघा, दुपारी, दार लावून. मग तिला सांगा की मी पाहिला, मला अमुक गोष्ट तुझ्यासाठी नको वाटली, अमुक चांगली वाटली. न बघता म्हटलेलं ‘नको’ पोरींना लगेच ओळखू येतं. मैत्रिणी त्या सिरीजबद्दल काय बोलतात तेही विचारा. तिला सिरीज हवी आहे की त्या गप्पांत बसायला जागा हवी आहे, याचा उलगडा होईल. तुमच्या ‘नको’नंतरही तिने चोरून पाहिली, तर आकाश कोसळणार नाही. फक्त पाहिल्यावर तिला काही विचारावंसं वाटलं तर तुमच्याकडे येता यावं, एवढी वाट मोकळी ठेवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते, तुम्हाला आवडो न आवडो. जो आकडा मुलीला, तोच जावेच्या मुलाला. पंधराच्या पोराने घराच्या गच्चीवर बसून काहीही बघायचं आणि सोळाच्या पोरीने आईला विचारायचं, हे चालणार नाही. पोरीला त्यातून कळतं की आकडा वयाचा नसून पोरीच्या जातीचा आहे. मग ती त्या आकड्याला काय किंमत देईल? हे जावेशी बोलायला हवं. आबांशी बोलण्यापेक्षा हे जास्त जड जाईल कदाचित, कारण जावा-जावांमध्ये पोरांचा विषय म्हणजे निखारा. तरी बोला. भाकरी करताना बोला, तेव्हा हात कामात असतात आणि डोळ्यांत बघावं लागत नाही.

आता परत तुमच्या पोराकडे. तुम्ही लिहिलंय की मध्यंतरानंतर त्याने डोळे झाकून घेतले ते शेवटपर्यंत. आणि घरी आल्यापासून त्या पिक्चरचं नावही कोणी काढायचं नाही असा तुमचा हुकूम आहे. म्हणजे त्याच्या डोक्यात तो पिक्चर अजून मध्येच थांबलाय. माणसं अजून मारतायत, ज्याला मारत होते त्याचं पुढे काय झालं ते त्याला ठाऊकच नाही. आवाज तेवढे ऐकलेत.

त्याला शेवट सांगायला हवा. आणि तो तुम्ही सांगू नका, तुम्ही पाहिलेला नाही. आबांना सांगू द्या. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर, ओट्यावर, उजेड असताना. रक्ताचं गाळून, कोण वाचलं, कोण घरी परतलं, कोणाला पोलिसांनी नेलं, एवढंच. गोष्टी सांगायला आबांना आवडत असणार, अशा माणसांना आवडतंच. पोरगं मधेच उठून आत गेलं तर जाऊ द्या, परत येईल. आला की आबा जिथे थांबले होते तिथून पुढे सांगतील.